कंट्री-रॉकची सुरुवात: आधी बरिटो ब्रदर्स की ईगल्स?

कंट्री-रॉक म्हणजे अमेरिकेतलं ग्रामीण वळणाचं कंट्री संगीत आणि रॉक यांची सरमिसळ. त्यातल्या दोन अमेरिकी बँडचे हे अल्बम: फ्लाइंग बरिटो ब्रदर्सचा 'द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन' (1969) आणि ईगल्सचा 'ईगल्स' (1972). दोन्ही पदार्पणाचे अल्बम, दोन्ही साधारण 37 मिनिटांचे, दोन्हींच्या कव्हरवर कॅलिफोर्नियाचं वाळवंट. यांतला एकच आधी पूर्ण ऐकायचा असेल तर कोणता, याचं उत्तर गाण्यांच्या आधी तुम्ही कशावर ऐकता यात दडलंय, असं माझं मत आहे.

ही दोन वेगळी घराणी नाहीत. गिटार आणि बँजो वाजवणारा बर्नी लेडन 'गिल्डेड पॅलेस'नंतर बरिटोंमध्ये आला, त्यांच्या दुसऱ्या अल्बमवर वाजवलं आणि मग ईगल्सच्या पहिल्या चौघांत गेला. फरक आहे तो आवाज कसे मांडलेत त्यात.

बरिटोंच्या अल्बमची कटकट पहिल्याच गाण्यात लक्षात येते. बँडचे गायक ग्रॅम पार्सन्स आणि क्रिस हिलमन जोडीनं गातात, पण मिक्सिंगमध्ये एकाचा आवाज पार एका कडेला आणि दुसऱ्याचा पार दुसऱ्या कडेला टाकलाय. पुढच्या अनेक गाण्यांत हेच. हेडफोनवर दोन माणसं तुमच्या दोन कानांशी वेगवेगळी उभी आहेत असं वाटतं, आणि मधे, जिथे गाणं असायला हवं, तिथे नुसते ड्रम आणि बेस. लोकलमध्ये किंवा चालताना एकच इयरबड लावायची सवय असेल तर अर्धी जोडी गायबच. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की आपलाच हेडफोन बिघडलाय.

उपाय आहेत, पण प्रत्येकाची थोडी किंमत आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत 'मोनो ऑडिओ' चालू केलं की दोन्ही आवाज दोन्ही कानांत येतात. मात्र डावी-उजवी बाजू एकत्र होताना मधोमध असलेले ड्रम आणि बेस पुढे सरकतात आणि कडेचे गळे जरासे मागे पडतात. प्लेअरमध्ये 'क्रॉसफीड' असेल तर ते जास्त बरं, कारण त्यात डावीकडचं थोडंच उजवीकडे झिरपतं आणि गळ्यांचा जोर टिकतो. सगळ्यात चांगलं म्हणजे हेडफोन काढून दोन स्पीकर वापरायचे. ते खोलीच्या दोन टोकांना न ठेवता तीन-चार फुटांवर आणायचे आणि पाच-सहा फूट लांब बसायचं. मग दोन्ही आवाज हवेतच एकमेकांत मिसळतात, आणि ही माणसं शेजारी शेजारी उभी राहून गायली असतील हे प्रथमच पटतं.

ईगल्सच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही. लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत निर्माता ग्लिन जॉन्सनं हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. आधी त्यांचा कार्यक्रम ऐकून तो फारसा खूश नव्हता. मग तालमीत नुसत्या अकूस्टिक गिटारवर चौघांचे गळे एकत्र ऐकले आणि त्याचं मत बदललं. अल्बमची बांधणीही त्याच एकत्र गळ्यांवर आहे. हार्मनी एकसंध, गुळगुळीत, फोनच्या छोट्या स्पीकरवरही शाबूत. पहिल्या गाण्यात लेडनचा बँजो गिटारच्या दुप्पट लयीत धावतो. शेवटाकडे कान दिलात तर तो अगदी स्पष्ट मिळेल, आणि एवढं हलकं वाटणारं गाणं नेमकं कशामुळे पळतंय हे कळेल.

मग ईगल्समध्ये खटकतं काय? सलगपणाचा अभाव. चौघेही मुख्य गायक, त्यामुळे दर गाण्याला गळा बदलतो आणि मूडही. पहिली दोन गाणी कमालीची, तिसरं एकदम ठोकळेबाज रॉक, आणि चांगल्यातलं एक थेट शेवटून दुसरं. सुटी गाणी ऐकणाऱ्याला याचं काहीच वाटणार नाही. अल्बम म्हणून ऐकणाऱ्याला मधली पंधरा मिनिटं जरा जड जातात.

वाद्यांत खरा फरक पेडल स्टीलचा. हवाईयन गिटारवर वाजवलेली हिंदी सिनेगीतं ज्यांनी ऐकलीत त्यांना ही मींड ओळखीची वाटेल. पेडल स्टील त्याच कुळातलं, फक्त पायाखालच्या पेडलनं ठरावीक तारांचा सूर चढतो-उतरतो. त्यामुळे एक सूर स्थिर ठेवून शेजारचा सरकवता येतो. बरिटोंचा स्नीकी पीट क्लाइनो हे आठ तारांच्या फेंडर 400 वर वाजवायचा आणि वर फझ, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत करणारा इफेक्ट, लावायचा. त्यामुळे रडवेला स्टील एकदम करवतीसारखा कापत येतो, आणि हा आवाज ईगल्सच्या पहिल्या अल्बमवर कुठेच नाही. तिथे लेडननं 'पीसफुल ईझी फीलिंग'मध्ये गिटारवर बसवलेला बी-बेंडर वापरलाय. गिटारची मान खाली दाबली की खांद्यावरच्या पट्ट्याला जोडलेली यंत्रणा बी तार एक पूर्ण स्वर वर ओढते. गोड लागतं, पण एका तारेपुरतंच.

बरिटोंकडे पक्का ड्रमर नव्हता, वेगवेगळे जण वाजवून गेले, आणि ठेक्यात तो असमानपणा जाणवतो. शेवटचं गाणं बरंचसं बोललेलं आहे, ते गाळलंत तरी हरकत नाही. ईगल्सचे ड्रम मात्र सगळीकडे नीटस, मोकळे.

तरीही माझा कल बरिटोंकडे झुकतो, आणि तोही त्याच कटकटीमुळे. अ‍ॅम्प्लिफायरवर बॅलन्सचं बटण असेल तर ते एका टोकाला फिरवून 'सिन सिटी' ऐका. एकच गळा उरतो. दुसऱ्या टोकाला फिरवा, दुसरा. कोण मूळ चाल धरून आहे, कोण वरून जातो, श्वास कुठे घेतात, शब्दाचा शेवट कोण आधी सोडतो, सगळं सुटं होऊन समोर येतं. हार्मनी शिकणाऱ्याला यासारखा धडा नाही. मग बटण मध्ये आणा. जोडी पुन्हा जुळते, आणि आता दोन्ही ओळी एकाच वेळी ऐकू येतात. ईगल्सचे गळे इतके घट्ट विणलेत की त्यातला एक धागा असा ओढून काढता येत नाही.

एकाच इयरबडवर, प्रवासात ऐकणार असाल तर ईगल्स घ्या, पस्तावणार नाही. घरी दोन स्पीकर असतील तर आधी 'गिल्डेड पॅलेस'. त्यातही तबकडीच्या दुसऱ्या बाजूची 'हॉट बरिटो' क्रमांक 1 आणि 2 लागोपाठ, मधे न थांबवता. क्रमांक 1 मध्ये पार्सन्सचा गळा एकटाच आहे, वरच्या सुरांवर जरा चिरकतो, आणि तसाच ठेवलाय.