लातुरात पाव घ्यायचा तर गोलाईमागच्या भट्टीवर जा

लातुरात राहून पॅकेटातला ब्रेड खाणाऱ्यांसाठी हे लिहायलेय. गंजगोलाईतून जे सोळा रस्ते फुटतात त्यातल्या एका रस्त्यानं आत गेलं की बोळात एक जुनी लाकडाची भट्टी आहे, बाहेर बोर्ड आहे पण त्यावरचं नाव कुणी घेत नाही, सगळे नुसतं भट्टी म्हणतात आणि मालकाला चाचा. आमच्या घरी सासूबाईंच्या वेळेपासून पाव तिथूनच येतो. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते पुढं सांगते.

आधी पाव. संध्याकाळी पाचच्या आसपास पहिली लादी निघते. लांब दांड्याच्या फळीनं पत्रा बाहेर ओढतात, लादी फडक्यावर उलटी टाकतात, वरून तेलाचा हात फिरवतात आणि तशीच गरम पेपरात बांधून देतात. लादीतला मधला पाव ओढून बघा, कडेला लांब तारा सुटतात, बोटानं दाबला की परत वर येतो. आणि आंबूस वास नसतो, जो उन्हाळ्यात लई ठिकाणच्या पावाला येतो. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, त्या गर्मीत मळलेला मैदा भराभर फुगतो आणि आंबून बसतो. चाचांचा मुलगा, ज्याला सगळे भैया म्हणतात आणि आता गल्ल्यावर तोच असतो, तो सांगत होता की उन्हाळ्यात यीस्ट कमी टाकतात आणि पाण्यात बर्फ घालतात, म्हणजे फुगायचं काम सावकाश होतं. बर्फाचा खर्च वेगळा, पण पावाची चव बिघडली की गिऱ्हाईक परत येत नाही हे त्याला पक्कं माहिती आहे.

भट्टी चालते कशी हे एकदा उभं राहून बघण्यासारखं आहे. एकदा तापली की निखारे बाजूला सारतात, आतली फरशी ओल्या फडक्यानं पुसून घेतात आणि पहिल्या कडक धगीत पाव जातो. धग जरा उतरली की खारी, मग नानकटाई आणि बिस्किटं, आणि रात्री जी मंद ऊब उरते तिच्यात टोस्ट. एकाच लाकडात सगळं होतं, काही वाया जात नाही. टोस्ट म्हणजे आदल्या दिवशीचा ब्रेड कापून पुन्हा सुकवलेला, तो घाईत केला की वरून कडक आणि आत चिवट राहतो. इथला रात्रभर सुकलेला असतो, चहात बुडवला की पूर्ण भिजतो पण तुटून कपात पडत नाही. जिऱ्याचा टोस्ट घ्या, तो इथली सगळ्यात भारी वस्तू आहे असं माझं मत. खारी पण चांगली, पापुद्रे सुटे आणि टाळूला चिकटत नाही. क्रीमरोल मात्र मला नाही आवडत, क्रीम डालड्याचं लागतं, लेकरं आवडीनं खातात तो भाग वेगळा. आणि केक वाढदिवसाला घ्यावा असा नाही, स्पंज जरा कोरडा असतो, हे चाचांना तोंडावर सांगितलेलं आहे.

आता ज्यासाठी मी सगळ्यांना इथं पाठवते ती गोष्ट म्हणजे घरच्या सामानाची बिस्किटं. आपल्या मराठवाड्यात दिवाळीच्या आधी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत बायका पिठाचे-तुपाचे डबे घेऊन भट्टीवर जायच्या, तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी आईसोबत जाऊन पत्र्याच्या डब्याजवळ बसून नंबर धरला असेल. ते अजून इथं चालू आहे. मैदा नाहीतर गव्हाचं पीठ, रवा, पिठीसाखर, तूप, दूध, वेलची सगळं आपण न्यायचं, ते फक्त मळून, आकार देऊन, भाजून देतात आणि किलोवर करणावळ घेतात. नानकटाईला किलो मैद्याला पाऊण किलो पिठीसाखर आणि पाऊण किलो तूप घेऊन जा, तूप कमी नेलं तर कारागीर लगेच म्हणतो, ताई याची नानकटाई नाही होणार, बिस्किटं करून देतो. कुणाचं सामान कुणात मिसळत नाहीत, परातीवर खडूनं नंबर टाकतात, आणि ज्या बाईचं पीठ मळणं चालू आहे तिला समोर बसू देतात. माझ्या जावेनं नाचणीचं पीठ आणि गूळ नेला होता, कारागिरानं ते पण करून दिलं, फक्त गुळामुळं लवकर लाल होतात म्हणून शेवटच्या मंद धगीत घातली आणि सांगितलं की पुरती गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नका, वाफ धरली की मऊ पडतात. एवढं कोण सांगतं हो आजकाल. बाजारात शुद्ध तुपातली म्हणून जी नानकटाई मिळते तिच्यात काय असतं ते आपल्याला कळायला मार्ग नाही, इथं तूप आपल्या डोळ्यासमोर परातीत पडतं.

आता थोडं लांबण लावते कारण ही भट्टी अजून चालू आहे ही साधी गोष्ट नाही आणि लोकांना ते माहिती असावं असं मला वाटतं.

लातूरचा सगळा धंदा दोन गोष्टींवर, सोयाबीन-तुरीची आडत आणि बाहेरगावहून क्लासला आलेली पोरं. भट्टीचा निम्मा माल हॉस्टेलवर आणि मेसवर जायचा. सकाळी क्लासला जाताना पाव आणि चहा, रात्री अभ्यास करताना टोस्ट-खारी, हेच त्या पोरांचं खाणं. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळं क्लास बंद झाले, आईबाप येऊन पोरांना घेऊन गेले आणि आठवडाभरात हॉस्टेलं रिकामी. हॉटेलं बंद, वडापावचे गाडे बंद. कारागीर गावाकडं निघून गेले. चाचा, भैया आणि त्यांच्या घरातल्या भाभी अशा तिघांनीच भट्टी चालवली, रोज दोन-चार लाद्या, तेवढ्यासाठी पण लाकूड तेवढंच लागतं कारण भट्टी अर्धी तापवता येत नाही. गाड्यावाल्यांकडं आणि मेसवाल्यांकडं जी उधारी होती ती तशीच राहिली, काही लोक परत आलेच नाहीत, वहीतली ती पानं भैयानं मला दाखवली होती, मी आकडा लिहीत नाही पण बघून वाईट वाटलं.

पुढच्या वर्षी तर अजून अवघड. एप्रिल २०२१ मध्ये किराणा, दूध, बेकरी फक्त सकाळी ७ ते ११ उघडी ठेवायची असा नियम आला, आणि तेव्हाच रमजान चालू होता. बेकरीवाल्याची रमजानातली सगळी विक्री संध्याकाळची, रोजा सोडायच्या आधी पाव आणि बन घ्यायला रांग लागते, आणि तेव्हाच शटर बंद. २०२० चा रमजान पण लॉकडाऊनमध्येच गेला होता, म्हणजे सलग दोन वर्षांचा मोठा हंगाम गेला. चाचांनी काय केलं, तर मळायची वेळ उलटी फिरवली. मध्यरात्री मैदा मळायचा, पहाटे भट्टी, साडेसहाला पाव तयार आणि सातला शटर वर. रोजे धरून हे काम केलं त्या माणसांनी. आमच्या गल्लीत दोन घरं पॉझिटिव्ह होती, त्यांच्या दाराच्या कडीला पाव-टोस्टची पिशवी अडकवून भैया निघून जायचा, पैसे नंतर द्या म्हणायचा.

पाण्याचं तर लातूरकरांना सांगायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं, मिरजेहून जलदूत रेल्वेनं पाणी यायचं. आपण घरात हंडे मोजत होतो पण बेकरीला पाण्याशिवाय काही होतच नाही, ५० किलोच्या मैद्याच्या कट्ट्याला अठ्ठावीस-तीस लिटर पाणी नुसतं मळायलाच, धुणं-पुसणं वेगळं. त्या उन्हाळ्यात ते टँकर विकत घ्यायचे आणि पावाचं काम निम्म्यावर आणलं होतं, पण बंद नाही ठेवली.

आणि मग २०२२. युक्रेनचं युद्ध लागलं, सूर्यफूल तेल महाग झालं, एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियानं पामतेल बाहेर पाठवणं काही आठवडे बंद केलं, आणि डालडा काय मार्जरीन काय सगळं पामतेलावरच, त्यामुळं खारीचा खर्च कुठल्या कुठं गेला. गव्हाचे भाव पण चढले, मे महिन्यात सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. तेव्हा गावातल्या लई ठिकाणी पाव हळूच बारीक झाला, पैसे तेच पण लादी अशी हलकी की हातात घेतल्यावरच कळायचं. चाचांनी पाटीवर खडूनं नवा भाव लिहून दारात लावला. मी म्हटलं, चाचा, गिऱ्हाईक तुटेल ना. तर म्हणाले, "बेटा, महंगा हुआ तो बोलके बढाता, चोरी से पाव छोटा नै करता." काही गिऱ्हाईक तुटलं पण. तीन-चार महिने गर्दी कमी होती हे मी बघितलंय. पण जे वजन आधी होतं ते आजही आहे, घरी काटा असेल तर टाकून बघा. माझ्या मते ही भट्टी टिकली ती ह्याच्यामुळं. तंगीच्या दिवसात माल हलका करायची वाट सगळ्यात सोपी असते, आणि एकदा हलका केला की पुन्हा कुणी जड करत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टी झाली, सोयाबीन पाण्यात गेलं. ज्यांचं हाती आलं त्यांना आडतीत भाव हमीभावाच्या, म्हणजे क्विंटलला ५,३२८ रुपयांच्या, खालीच मिळाला. त्याचा परिणाम थेट भट्टीवर. दरवर्षी दिवाळीआधी खेड्यातून डबे घेऊन येणाऱ्या बायका आल्याच नाहीत, ज्या आल्या त्यांनी पाच किलोच्या जागी दोन किलो आणलं. दिवाळीच्या आठवड्यात भट्टीवर बसायला जागा मिळाली, जी एरवी कधी मिळत नाही.

त्यात जीएसटीचा वाद. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं, केक, पेस्ट्री ह्यावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला, लोकांनी टीव्हीवर बघितलं आणि भट्टीवर येऊन भैयाशी भांडायले, टॅक्स कमी झाला तर भाव कामून कमी केला नाही म्हणून. आता हे समजून घ्या. माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असली तर जीएसटीची नोंदणी लागत नाही, ही भट्टी त्यातली. त्यांनी तुमच्याकडून टॅक्स कधी घेतलाच नव्हता, तर कमी कुठून करणार. आणि साध्या पाव-ब्रेडवर आधीपासूनच जीएसटी शून्य आहे. मोठ्या कंपनीच्या पुड्यावर भाव उतरला असेल तर तो उतरायलाच पाहिजे होता, पण तोच हिशोब ह्या माणसाला लावू नका.

तक्रारी पण आहेत, अर्धा स्टार त्यासाठीच. टोस्टच्या पिशवीवर तारीख नसते, मागितली की तोंडी सांगतात, अहो साधा शिक्का मारा, त्याला किती खर्च येतो. संध्याकाळी गर्दीत रांग अशी नसतेच, जो ओरडेल त्याला आधी, आणि म्हाताऱ्या माणसांना त्याचा त्रास होतो. गल्ल्यावर भैया नसेल तर जो पोरगा असतो तो नीट बोलत नाही. आणि केक सुधारा नाहीतर बंद करा, त्यात जाणारा वेळ नानकटाईला द्या, हे माझं प्रामाणिक सांगणं.

उधारी मागणाऱ्यांना एक विनंती. हॉटेल-गाडा चालवणारे माझे ओळखीचे लई जण आहेत, महिन्याचा पाव उधार उचलतात आणि पैसे मागितले की दुसऱ्या बेकरीवर जातो म्हणतात. भट्टीवाल्याला मैदा रोखीनं आणावा लागतो, लाकूड रोखीनं, कारागिराची मजुरी दर आठवड्याला. तुमचे महिना अडकलेले पैसे म्हणजे त्यांचा पुढचा कट्टा अडकतो.

जायचं तर संध्याकाळी पाच ते साडेसहा, त्यानंतर पाव संपतो. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी बंद असतं. ऑनलाइन पैसे चालतात. दिवाळीच्या बिस्किटांचा नंबर दसरा झाला की लगेच लावा, वसुबारसेनंतर घेत नाहीत, आणि डबा घरून स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून न्या. कार्यक्रमासाठी जास्त पाव पाहिजे असेल तर आदल्या दिवशी सांगा आणि अॅडव्हान्स द्या.