आयर्नबाउंडमधलं पोर्तुगीज बुचर शॉप आणि स्टेकच्या नावांचा घोळ

न्यू जर्सीत राहून घरी बीफचा स्टेक करणाऱ्यांसाठी लिहितोय, बाकीच्यांनी खुशाल पुढे जा, राग नाही. दुकान न्यूअर्कच्या आयर्नबाउंड भागात आहे, फेरी स्ट्रीटला लागून एका आडगल्लीत, पेन स्टेशनवरून चालत जाता येतं. एडिसन-मेट्रोपार्कवाल्यांनी सरळ ट्रेनने जावं कारण शनिवारी तिथे गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे नशिबाचा भाग. रेल्वेच्या रुळांनी वेढलेला म्हणून आयर्नबाउंड, वस्ती आधी पोर्तुगीजांची, मग ब्राझीलवाले आले, आता इक्वाडोर वगैरेकडचेही बरेच. मालक पोर्तुगालचे, काउंटरवरची पोरं ब्राझीलची, गिऱ्हाईक सगळीकडचं, त्यामुळे काचेमागे एकाच मांसाला तीन भाषांतली तीन नावं लागलेली असतात आणि कधीकधी तीन भावसुद्धा! आधीच सांगून टाकतो, मी या दुकानाला पाचपैकी चार देतो, एक का कापला ते खाली येईलच.

आपल्याकडे मटणाच्या दुकानात कसं, पुढचं द्या, चाप टाका, दोन नळ्या घाला, थोडा सीना, झालं. जनावराचा कुठला भाग ते नावातच असतं. अमेरिकेत स्टेकचं नाव कधी शहराचं, कधी हॉटेलचं, कधी हाडाच्या आकाराचं, कधी कोणीतरी मार्केटिंगवाल्याने मीटिंगमध्ये बसून ठरवलेलं. त्यामुळे सुपरमार्केटमधून पॅक उचलणारा माणूस नाव विकत घेतो, मांस नंतर. या दुकानाचं मला आवडलेलं काय तर इथे तुम्ही बोटाने स्वतःच्या पाठीवर नाहीतर कमरेवर दाखवलंत तरी पोरगा बरोबर तेच काढून देतो. खरंच करून बघा, कोणी हसत नाही.

सगळ्यात मोठा घोळ सरलॉइनचा. अमेरिकेत सरलॉइन म्हणजे कमरेच्या मागचा भाग, पुठ्ठ्याच्या जवळचा. इंग्लंडमध्ये त्याला रम्प म्हणतात, आणि तिथलं सरलॉइन म्हणजे इथलं न्यूयॉर्क स्ट्रिप (पाठीच्या कण्याला लागून, इथल्या सरलॉइनच्या थोडं पुढचं मांस). तेच स्ट्रिप हाडासकट विकलं की बऱ्याच ठिकाणी कॅन्सस सिटी स्ट्रिप होतं, ऑस्ट्रेलियात बिनहाडाच्या स्ट्रिपलाच पोर्टरहाउस म्हणतात, या दुकानातले पोर्तुगीज आजोबा त्याला वाझिया म्हणतात आणि त्यांच्या शेजारी उभा असलेला ब्राझीलचा पोरगा कोन्त्राफिले. मी त्या दोघांना यावरून वाद घालताना ऐकलंय, भाषा एकच आणि तरी एकमत नाही. (कुठल्यातरी राजाने खूश होऊन मांसाला सर ही पदवी दिली म्हणून सरलॉइन, ही गोष्ट कोणी सांगितली तर ऐकून सोडून द्या, तो शब्द जुन्या फ्रेंचमधला आहे, कमरेच्या वरचं एवढाच त्याचा अर्थ.)

पोर्टरहाउस आणि टी-बोन यात काय फरक हे मला खूप लोक विचारतात. दोन्हीत इंग्रजी टी आकाराचं तेच हाड, एका बाजूला स्ट्रिप आणि दुसऱ्या बाजूला टेंडरलॉइनचा, म्हणजे कण्याखालच्या मऊ मांसाचा तुकडा. अमेरिकन सरकारी नियमात टेंडरलॉइनची रुंदी निदान सव्वा इंच असेल तर पोर्टरहाउस, निदान अर्धा इंच असेल तर टी-बोन. म्हणजे पाठीच्या मागच्या टोकाकडून कापत आलात की आधी पोर्टरहाउस निघतात, पुढे टेंडरलॉइन बारीक होत जातं तसे टी-बोन. इथे हे नीट पाळतात, मी काचेतून बघून तुकडा निवडतो आणि पाहिजे तेवढा जाड कापून घेतो, दीड इंच सांगितलं तर दीड इंचच मिळतो.

आता टेंडरलॉइन. फिले मिन्यॉन म्हणजे त्याचाच बारीक टोकाकडचा भाग, पण इथे अमेरिकेत अख्ख्या टेंडरलॉइनच्या चकत्या त्याच नावाने विकतात. आपल्या मुंबई-वसईकडे याला अंडरकट म्हणतात, कणा वर आणि हे त्याच्या खाली दडलेलं, या सगळ्या नावांत तेच मला सगळ्यात शहाणं नाव वाटतं. (महाराष्ट्रात 2015 पासून गाय-बैल-वळू सगळंच बंद, त्यामुळे आता अंडरकट म्हणजे म्हशीचं.) हा स्नायू जनावर फारसा वापरतच नाही म्हणून लोण्यासारखा मऊ, पण चव बेताची, चरबी जवळजवळ नाही. माझं स्पष्ट मत, सगळ्यात महाग आणि सगळ्यात मिळमिळीत. पाहुण्यांत कोणी दातांची तक्रार असलेलं असेल तरच आणा. इथे कापून ठेवलेल्या चकत्यांपेक्षा अख्खं टेंडरलॉइन घेतलं तर पौंडाला बरंच स्वस्त पडतं आणि फुकटात साफ करून देतात, निघालेलं बारीक मांस पण तुमच्याच पिशवीत टाकतात. ते मी चिलीफ्रायला वापरतो, कांदा, हिरवी मिरची, थोडं व्हिनेगर.

रिबायबद्दल काय सांगायचं, सगळ्यांनाच आवडतं, मलाही. सहाव्या ते बाराव्या बरगडीच्या मधलं मांस, चरबी आतपर्यंत जाळीसारखी पसरलेली. पण टॉमाहॉक घेऊ नका, प्लीज! ते रिबायच आहे, फक्त बरगडीचं लांब हाड कुऱ्हाडीच्या दांड्यासारखं ठेवलेलं, आणि त्या हाडाचे पैसे तुम्ही मांसाच्या भावाने देता. फोटो छान येतो हे मान्य. त्यापेक्षा चक आय मागा. रिबायचाच स्नायू पुढे खांद्याकडे पाचव्या बरगडीपाशी चालू राहतो, तिथले एक-दोन स्टेक रिबायच्या जवळ जाणारे असतात आणि भाव निम्म्याच्या आसपास. प्रत्येक बाजूला एवढेच निघतात म्हणून काचेत ठेवत नाहीत, सांगावं लागतं. सकाळी लवकर गेलात तर मिळतील.

फ्लॅट आयर्न पण खांद्यातलाच. पूर्वी हा भाग नुसता रोस्टमध्ये नाहीतर खिम्यात जायचा कारण मधोमध जाड पांढरी शीर असते जी कितीही शिजवा चावतच नाही. मग नेब्रास्का आणि फ्लोरिडा विद्यापीठांतल्या लोकांनी जनावराचा एकेक स्नायू तपासून बघितला आणि लक्षात आलं की ही शीर काढून टाकली तर राहतं ते मांस मऊपणात टेंडरलॉइनच्या खालोखाल आहे. 2002 च्या सुमाराला हे नाव घेऊन बाजारात आलं. इंग्लंडमध्ये याच भागाला बटलर्स स्टेक म्हणतात, ऑस्ट्रेलियात ऑयस्टर ब्लेड. रोजच्या खाण्याला माझ्या मते याच्यासारखा स्टेक नाही. शीर पूर्ण काढलीय ना एवढं बघून घ्या, गर्दीच्या वेळी पोरं अर्धवट काढतात, मी परत काढून मागतो आणि ते निमूट काढून देतात.

पण या दुकानात जायचं ते पिकान्यासाठी. हा सरलॉइनच्या वरचा टोपीसारखा तिकोनी तुकडा, अमेरिकन लोक याला सरलॉइन कॅप नाहीतर कुलोट म्हणतात आणि बऱ्याच ठिकाणी वरची चरबी काढून मांस तिसऱ्याच कशात तरी घालून टाकतात, म्हणजे सगळा जीवच काढून घेतल्यासारखं. ब्राझीलच्या माणसाला विचाराल तर चरबीशिवाय पिकान्याला अर्थच नाही. बोटभर जाड चरबीची टोपी तशीच ठेवून, खडा मीठ लावून निखाऱ्यावर, चरबी वितळून मांसावर उतरते, बाकी मसाला काही नाही. इथे एक गोष्ट शिकून ठेवा: अख्खा पिकान्या दीड किलोच्या वर असेल तर संशय घ्या, रुंद टोकाला मागच्या मांडीचं चिवट मांस जोडलेलं असण्याची शक्यता आहे आणि ते तुम्हाला पिकान्याच्या भावाने पडतं. या दुकानात मला तसं कधी दिलेलं नाही, वजन एक किलो दोनशे-तीनशेच्या आसपासच असतं. जवळच्याच दुसऱ्या एका दुकानात मात्र चांगला फुगवलेला तुकडा गळ्यात मारलेला, नाव नाही घेत.

स्कर्ट स्टेकवरून मला कापलेला मार्क आठवला. स्कर्ट म्हणजे लांब पट्टा, दोन प्रकारचा, बाहेरचा आणि आतला: बाहेरचा पोट आणि छातीच्या मधल्या पडद्याचा, आतला पोटाच्या भिंतीचा. बाहेरचा मऊ आणि जाड, आतला पातळ आणि चिवट. टेक्सासच्या सीमेवर एकेकाळी हा फेकायच्या लायकीचा म्हणून गुरं राखणाऱ्यांना द्यायचे, त्यातून फाहिता झाली आणि आता भाव बघून डोळे पांढरे होतात. तर इथे दोन्ही एकाच पाटीखाली, एकाच भावाने ठेवतात, मेक्सिकन गिऱ्हाइकांसाठी अराचेरा आणि अर्जेंटिनावाल्यांसाठी एन्त्रान्या असंही लिहिलंय पण आतला की बाहेरचा ते कुठेच नाही. एवढी नावं लिहायला जागा आहे तर एक शब्द आणखी लिहायला काय जातं? विचारल्यावर सांगतात, पण नवीन माणसाला विचारायचं माहीतच नसतं. दुसरी तक्रार, ग्रेडच्या पाट्या नाहीत. प्राइम, चॉइस, सिलेक्ट हे सरकारी ग्रेड मुख्यतः मांसातल्या चरबीच्या जाळीवरून ठरतात, सक्तीचे नाहीत, पण दुकानदार प्राइमचा भाव लावत असेल तर शिक्का दाखवावा ना. मी खोक्यावरचा शिक्का दाखवा म्हणतो, दाखवतात, पण चेहरा जरा आंबट होतो.

लंडन ब्रॉइल नावाची पाटी दिसली तर मात्र सरळ पुढे जा. तो कटच नाही, ती शिजवायची पद्धत आहे, त्या नावाखाली मांडीचं मांस नाहीतर फ्लँक (पोटाकडचं मांस), जे उरलं असेल ते देतात. नावांचा हा गोंधळ धंद्यातल्या लोकांनाही माहीत आहे, 2013 मध्ये बीफ आणि पोर्कवाल्यांनी मिळून साडेतीनशेच्या वर नावं बदलायची टूम काढली होती, डुकराच्या चॉपलासुद्धा पोर्टरहाउस चॉप आणि रिबाय चॉप करून टाकलं. म्हणजे गोंधळ कमी करायला निघाले आणि पोर्टरहाउस आता दोन प्राण्यांत.

घरी काय करायचं थोडक्यात. मीठ आदल्या रात्री लावून फ्रिजमध्ये उघडं ठेवा, बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवा, थर्मामीटर वापरा, अंदाजावर जाऊ नका. सरकारी सल्ला 145 डिग्री फॅरनहाइट आणि मग तीन मिनिटं थांबणे, मी 130 ला उतरवतो, घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर सरकारचं ऐका. स्कर्ट आणि पिकान्या खाताना धाग्याला आडवं कापा, उभं कापलंत तर कितीही महागाचं आणा, दोरी चावल्यासारखं लागेल.

आणखी एक, हँगर स्टेक (पोटाच्या पडद्यापाशी लटकलेला तुकडा) हवा असेल तर दोन दिवस आधी फोन करा. जनावरामागे एकच निघतो, खाटीक लोक पूर्वी तो स्वतःसाठीच ठेवायचे म्हणून त्याला बुचर्स स्टेक असंही नाव आहे, आणि इथल्या आजोबांचा अजून तोच बेत दिसतो, कारण काचेत तो मी कधीच पाहिलेला नाही. फोनवर इंग्रजी जेमतेम चालतं, हँगर म्हणून कळलं नाही तर ओंग्ले हे फ्रेंच नाव म्हणून बघा, तेही नाही जमलं तर सकाळी जाऊन आजोबांनाच गाठा. दुपारनंतर ते नसतात.