मिनियापोलिसच्या स्कायवेमध्ये पाच महिने: हाफ टी-शर्टात काढलेला हिवाळा

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून इथे अमेरिकेत, मिनियापोलिसला आलो, आता मार्च संपत आलाय, म्हणजे एक अख्खा हिवाळा वापरून झालाय, तेव्हा लिहायला हरकत नाही. घर डाउनटाउनमध्ये, ऑफिसही डाउनटाउनमध्ये, सात-आठ ब्लॉकचं अंतर. घर दाखवताना एजंटबाईंनी जिम दाखवली, गच्ची दाखवली आणि शेवटी एक काचेचं दार ढकलून म्हणाल्या, हा स्कायवे, यासाठीच लोक इथे जास्त भाडं देतात. मला आपलं वाटलं बांद्र्याच्या स्कायवॉकसारखं काहीतरी असेल.

तसलं अजिबात नाही. रस्त्यावरून आडवे जाणारे काचेचे बंद पूल, एका बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावरून (इथे त्याला दुसरा म्हणतात, सुरुवातीचे पंधरा दिवस लिफ्टमध्ये माझा हा घोळ चालूच होता) निघून थेट पलीकडच्या बिल्डिंगमध्ये घुसतात. पूल संपला की बँकेची लॉबी, मग कुणाच्या तरी ऑफिसचा कॉरिडॉर, सलून, कॉफीवाला, परत पूल. असे 80 च्या आसपास ब्लॉक जोडलेत, एकूण लांबी साधारण 15 किलोमीटर. पहिला पूल 1962 चा, लेस्ली पार्क नावाच्या बिल्डरने बांधला. शेजारच्या इडायना गावात 1956 ला साउथडेल हा बंदिस्त मॉल निघाला होता आणि गिऱ्हाईक तिकडे पळायला लागलं होतं, मग थंडीत लोक डाउनटाउनला यावेत म्हणून ही आयडिया. म्हणजे थंडीपेक्षा धंद्याची काळजी जास्त होती.

आता सोय किती, तर जानेवारीत बाहेर उणे 23 असताना मी हाफ टी-शर्टात हातात डबा घेऊन ऑफिसला गेलोय. खोटं नाही. बस नाही, गाडीवरचा बर्फ खरवडायला नको, बुटांना रस्त्यावरच्या मिठाचे पांढरे ओघळ नाहीत. सकाळी सातला निघालं की रिटायर झालेले आजी-आजोबा स्पोर्ट्स शूज घालून झपाझप चालत असतात, सारसबागेत चालतात तसे, आणि पाच महिन्यांत त्यातल्या दोघांशी गुड मॉर्निंगच्या पुढे जाऊन सुनेबद्दल बोलण्याइतकी ओळख झालीये. आयडीएस सेंटरचा क्रिस्टल कोर्ट तर मला फार आवडतो, 57 मजली टॉवरच्या पायथ्याशी तिरकं तिरकं काचेचं छत, वरून बर्फ पडताना दिसतोय आणि खाली आपण कॉफी पितोय.

रस्ता सापडणं हा वेगळा विषय. आत पूर्व-पश्चिम काही कळत नाही. इथे पाचवा स्ट्रीटही आहे आणि पाचवा ॲव्हेन्यूही आहे, आणि सिग्नेज ज्याच्या त्याच्या बिल्डिंगच्या हिशोबाने. माझी युक्ती अशी की पुलाच्या मधोमध थांबायचं आणि खाली बघायचं, ट्रामचे रूळ दिसले तर पाचवा स्ट्रीट. दुसरी खूण म्हणजे गालिचा. प्रत्येक तुकडा वेगळ्या मालकाचा, त्यामुळे लाल गालिचा संपून करडा आला की बिल्डिंग बदलली, करडा जाऊन फरशी आली की माझं ऑफिस जवळ आलं. गालिच्यावरून आठवलं, आतली हवा इतकी कोरडी असते की पाय घासत चालून दाराच्या लोखंडी दांड्याला हात लावला की चट्टकन करंट बसतो. आता मी आधी कोपराने दार ढकलतो, लोक बघतात, बघू देत.

बाकी सगळं ठीक, पण खरी अडचण घड्याळाची. हा दिसायला रस्ता आहे पण रस्ता नाहीये, वेगवेगळ्या खाजगी बिल्डिंगांची माळ आहे, आणि एक मणी बंद झाला की माळ तुटते. आठवड्यात रात्री दहापर्यंत वगैरे, शनिवारी आठ, रविवारी दुपारी बारा ते सहा असं ढोबळ गणित, पण प्रत्येक बिल्डिंग आपल्या मर्जीची. खाण्याची दुकानं तर अडीच-तीनलाच शटर ओढतात कारण ती ऑफिसवाल्यांच्या लंचवर जगतात. त्यात आता वर्क फ्रॉम होममुळे गर्दी मंगळवार ते गुरुवार, शुक्रवारी दुपारी गेलात तर स्वतःच्या बुटांचा आवाज ऐकत चालायचं.

फेब्रुवारीतला एक रविवार सांगतो. संध्याकाळी पाचला निकोलेट मॉल (नावात मॉल असला तरी हा रस्ता आहे) इथल्या टार्गेट नावाच्या मोठ्या दुकानात गेलो, दूध, कांदे आणि कोथिंबीर, स्कायवेनेच, पायात स्लीपर. बिलिंगला रांग होती, सहा वाजून चार मिनिटांनी परत येताना मधल्या एका बिल्डिंगचं दार बंद. काचेपलीकडे सिक्युरिटीवाला उभा, मी हात जोडले, त्याने मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं आणि गेला निघून. मागे फिरलो, एक जिना सापडला, खाली उतरून बाहेर पडलो आणि मागचं दार लॉक. पुढचे तीन ब्लॉक उणे तेवीसमध्ये, स्लीपरवर, बर्फावर पळताही येत नाही, नाकातले केस ताठ होतात आणि कान आहेत की गळले हे हात लावून बघावं लागतं. घरी येऊन पिशवी उघडली तर कोथिंबीर काचेसारखी कडक, आणि दहा मिनिटांत वितळून काळपट लगदा. दहा मिनिटांच्या चालण्यात! कांदेपोहे त्या दिवशी कोथिंबिरीविनाच झाले.

अजून एक गोष्ट मला खटकते. बसायला बाकडी जवळजवळ नाहीतच, टॉयलेट शोधायला पंचांग लागतं. एकदा एक म्हातारा गृहस्थ भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता, चार पिशव्या शेजारी, गार्ड आला, अगदी गोड बोलून त्याला उठवलं आणि जिन्याकडे नेलं. जिना म्हणजे बाहेर. मी हातात कॉफी घेऊन बघत उभा होतो, काही बोललो नाही. आणि वर सगळं इतकं छान असल्यामुळे खालचे फुटपाथ ओस, हिवाळ्यात भरदुपारी मेन डाउनटाउनमध्ये माणूस दिसत नाही.

आई व्हिडिओ कॉलवर रोज विचारायची, बाहेर गेलास का रे? मी म्हणायचो, अगं रोज जातो. जानेवारीत एकदा तिने खोदून विचारलं, बाहेर म्हणजे आभाळाखाली. हिशोब केला तर नऊ दिवस झाले होते. नऊ! त्यानंतर मी रोज दुपारी जेवून एक चक्कर खालून मारायला लागलो, पाच मिनिटं का होईना.

तर स्कायवेला लागून घर घ्यावं का? घ्या, बिनधास्त घ्या, पहिल्या हिवाळ्यात तर नक्कीच, पण लीज साइन करायच्या आधी एखाद्या रविवारी संध्याकाळी सातला घर ते ऑफिस चालून बघा, एजंटबाई मंगळवारी दुपारी दाखवतात. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक टोपी आणि हातमोजे ठेवा. आणि रविवारी सामान आणायला जाणार असाल तर साडेपाचच्या आत बिलिंगला लागा, पायात बूट घालून.