मेरीलँडमध्ये शार्कचे दात शोधायला: कॅल्व्हर्ट क्लिफ्स की फ्लॅग पाँड्स?

वॉशिंग्टनच्या आसपास राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींत उन्हाळा जवळ आला की एक प्रश्न हमखास निघतो. भारतातून आई-बाबा आलेत, मुलांनी किनाऱ्यावर सापडणाऱ्या शार्कच्या जीवाश्म दातांचा धोशा लावलाय, तर कॅल्व्हर्ट क्लिफ्सला जावं की फ्लॅग पाँड्सला? दोन्ही ठिकाणं चेसापीक उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर, एकाच काउंटीत आहेत. मध्ये फक्त एक अणुऊर्जा प्रकल्प. वॉशिंग्टनहून गाडीने सव्वा-दीड तास लागतो. त्यामुळे लोकांना वाटतं, कुठेही गेलं तरी एकच. तसं अजिबात नाही.

खरा फरक चालण्याचा आहे. कॅल्व्हर्ट क्लिफ्स स्टेट पार्कमध्ये गाडी लावल्यापासून पाण्यापर्यंत लाल खुणांची पायवाट आहे, एका बाजूने 1.8 मैल. म्हणजे जाऊन-येऊन जवळजवळ सहा किलोमीटर. फ्लॅग पाँड्सला हेच अंतर साधारण अर्धा मैल, पण परतताना एक चढ लागतो. पहिल्यांदा कॅल्व्हर्ट क्लिफ्सला गेलो तेव्हा आम्ही समुद्रावर जायच्या थाटात निघालो होतो: दोन घडीच्या खुर्च्या, बर्फाची पेटी, छत्री. अर्ध्या वाटेत छत्री नको झाली. येताना धाकट्याने पाय गाळले, तो माझ्या खांद्यावर आणि खुर्च्या बायकोच्या हातात. त्या दिवशी घरी अबोला होता.

पण कॅल्व्हर्ट क्लिफ्सची ती वाट हेच तिथलं खरं वैभव आहे, हे दुसऱ्या खेपेला सामान न नेल्यावर कळलं. आधी उंच झाडांचं रान, मग दलदल लागते. बीव्हरने (लाकडं रचून बांध घालणारा प्राणी) अडवलेल्या पाण्यात वठलेली झाडं उभी असतात, ओंडक्यांवर कासवं ऊन खात बसतात. लाकडी पुलावर उभं राहिलं तर मुलं अर्धा तास हलत नाहीत. शेवटी झाडी संपते आणि एकदम समोर पाणी. किनारा मात्र चिमुकला. बाजूला कडे दिसतात, काही ठिकाणी शंभर फुटांच्या आसपास उंच. इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन जॉन स्मिथ 1608 साली इथून बोटीने गेला, त्याने आपल्या आईच्या माहेरच्या नावावरून त्यांना नाव दिलं होतं. ते टिकलं नाही, कडेही टिकत नाहीत. सतत ढासळतात, म्हणून त्यांच्या पायथ्याशी जायला आणि वर चढायला सक्त बंदी आहे. कडा उकरणंही बेकायदा. पाण्याकाठी सापडलेलं मात्र घरी नेता येतं. लोक दोरी ओलांडून जातात, तुम्ही जाऊ नका. वरून मातीचा ढीग आला तर पळायला पाणी सोडून जागाच नाही.

हे ढासळणंच दात पुरवतं, ही त्यातली गंमत. या कड्यांमधले थर मायोसीन काळातले आहेत, साधारण 2 कोटी ते 80 लाख वर्षांपूर्वीचे. तेव्हा इथे उथळ समुद्र होता. सह्याद्रीचा कातळ तोवर चांगला म्हातारा झाला होता, पण तो लाव्हारसाचा, त्यात शार्क कुठून यायचा! इथे गाळावर गाळ साचला आणि त्यात शिंपले, देवमाशांची हाडं, मगरी, समुद्रगायी असं सगळं दडलं. जीवाश्मांच्या 600हून जास्त जाती इथे नोंदल्या आहेत. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो सहसा टिकत नाही. दात मात्र कठीण, आणि एक शार्क आयुष्यात हजारोंनी दात टाकतो. म्हणून हाती येतात ते दातच.

आता फ्लॅग पाँड्स. इथे कडे पाण्यापासून मागे सरकलेले आहेत, पुढे रुंद वाळू. दात शोधायचेच असतील तर माझं मत इथल्या बाजूने आहे. कारण साधं: लाटेच्या कडेने लांबवर चालता येतं. नजर जितक्या किनाऱ्यावरून फिरेल तितकं जास्त सापडतं. इथे पूर्वी मासेमारीचा मोठा तळ होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून 1955पर्यंत इथला मासा बाल्टिमोरच्या बाजाराला जायचा. कोळ्यांची एक झोपडी अजून राखली आहे, तिला म्हणायचे ‘बॉय हॉटेल’. बॉय म्हणजे पाण्यावर तरंगणारी खुणेची पिंपं. नावातलं ‘फ्लॅग’ही झेंडा नव्हे, निळ्या आयरिसच्या फुलाचं नाव आहे.

आमच्याकडे दात शोधण्यात आईचा हात कोणी धरत नाही. जन्मभर तांदूळ निवडलेले! आम्ही चाळण्या घेऊन वाळू उपसत होतो. ती पाण्याच्या रेषेवर उकिडवी बसली, लाट मागे गेली की बारीक खड्यांच्या पट्ट्यात बघायची आणि दोन बोटांनी उचलायची. दगड ओला असला तरी निस्तेज, दात मात्र काळाभोर आणि गुळगुळीत चमकतो. पहिला सापडला तो तिळापेक्षा थोडा मोठा, मग एक सुईसारखा टोकदार, सँड टायगर शार्कचा. मेगालोडॉनचा, म्हणजे नामशेष झालेल्या महाकाय शार्कचा, तळहाताएवढा दात मनात ठेवून गेलात तर हिरमुसून परत याल. नखाएवढे मिळाले की दिवस चांगला.

दोन्हीकडे ओहोटीची वेळ गाठा. आदल्या दिवशी वादळ झालं असेल तर उत्तमच. भर उन्हाळ्यात पाण्यात जेलीफिश आणि रानात गोचिड्या असतात, म्हणून मला नोव्हेंबर ते मार्च आवडतो. बोटं गारठतात, पण स्पर्धा कमी. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी कॅल्व्हर्ट क्लिफ्सचा वाहनतळ भरला की फाटक बंद होतं, उशिरा पोचणाऱ्याला परत फिरावं लागतं. शुल्क दोन्हीकडे गाडीमागे. स्टेट पार्कला मेरीलँडच्या रहिवाशांना कमी, फ्लॅग पाँड्सला कॅल्व्हर्ट काउंटीवाल्यांना. वेळा निघण्याआधी बघून घ्या.

तर गुडघे दुखणारे आजी-आजोबा किंवा पाच वर्षांखालचं मूल बरोबर असेल तर डोळे मिटून फ्लॅग पाँड्स. दहा-बारा वर्षांची मुलं, चालायची हौस आणि पाठीवर फक्त पाणी असेल तर कॅल्व्हर्ट क्लिफ्स, तेही सकाळी लवकर. दोन्ही एका दिवसात करायचा हट्ट करू नका. त्यापेक्षा दुपारी सॉलोमन्सच्या कॅल्व्हर्ट मरीन म्युझियममध्ये जा. तिथे मेगालोडॉनच्या सांगाड्याची पूर्णाकृती प्रतिकृती उभी केलीय आणि आपले दात कोणत्या शार्कचे हे शेजारी ठेवून ताडून बघता येतं. दात नीट झाकणाच्या डबीत ठेवा. आमचे तीन धाकट्याच्या पँटच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये गेले, दोनच परत आले.