पहिल्याच फेरीत सायकायट्री लागली: पक्की करावी की अपग्रेडला थांबावं?

दर वर्षी एमडी-एमएसच्या काउन्सेलिंगची, म्हणजे फेऱ्यांनी होणाऱ्या जागावाटपाची, पहिली यादी लागली की ज्युनिअर मंडळींचे फोन सुरू होतात. (काउन्सेलिंग शिकायचं आम्ही आणि करायचं मात्र या फेऱ्या घेणाऱ्या एमसीसीने, हा विनोद आमच्याकडे आता झिजलाय.) प्रश्न ठरलेला असतो: "सर, सायक लागलंय. अपग्रेड देऊ, की फिक्स करून टाकू?" (सायक म्हणजे सायकायट्री, मनोविकारशास्त्र. अपग्रेड देणं म्हणजे लागलेली जागा धरून पुढच्या फेरीत वरची मागणं.)

मी २०२१ च्या नीट पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या प्रवेश परीक्षेचा. परीक्षा ११ सप्टेंबरला झाली, मग ईडब्ल्यूएसच्या (आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाच्या) प्रकरणात सगळं सुप्रीम कोर्टात अडकलं आणि पहिली फेरी उजाडली ती जानेवारी २०२२ मध्ये. त्यात एका सरकारी कॉलेजात एमडी सायकायट्री लागली. जॉइन झालो ते अपग्रेडच्या खुणेसकट. म्हणजे थोडे दिवस थांबणाऱ्यांतला होतो, नंतर पक्की करणाऱ्यांतला झालो. माझा कल लपणार नाही, तरी दोन्ही बाजू जमेल तशा सरळ मांडतो.

डिपॉझिट, फ्री एक्झिट (दंडाशिवाय जागा सोडणं), बाँड (शिक्षणानंतरची सक्तीची सेवा) हे सगळं तुम्हाला पाठ असणार. नियम दर वर्षी थोडेफार हलतात, तेव्हा त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचा, माझ्या आठवणींवर जाऊ नका. एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा: अपग्रेड दिलं आणि वरची जागा लागली, की हातातली जागा आपोआप दुसऱ्याची होते. दोन्ही बघून मग ठरवू, अशी सोय नाही. वरची नाही लागली, तर आहे ती राहते. म्हणून सगळे म्हणतात, अपग्रेड द्यायला काय जातंय? कागदावर पाहिलं तर काहीच जात नाही.

थांबावं कुणी? ज्याने यादीत सायकायट्री नुसती भरतीला टाकली होती, त्याने. आमच्या खोलीवरचा एक जण असाच होता. त्याला मेडिसिनच करायचं होतं, तो थांबला, दुसऱ्या फेरीत मेडिसिन मिळालं आणि आजही तो मजेत आहे. त्याला 'सायक घे, आराम आहे' असं सांगणारे पुष्कळ होते. हा आराम कुठे असतो, ते मला तीन वर्षांत सापडलं नाही. दारू सोडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डिलिरियममध्ये (भ्रमिष्ट अवस्थेत) गेलेला माणूस सर्जरीच्या वॉर्डात रात्री तीन वाजता सलाईन उपटतो, तेव्हा कॉल आपल्यालाच येतो. त्यामुळे आरामासाठी कुणी ही ब्रांच घेत असेल, तर त्याने थांबलेलंच बरं.

ब्रांच हीच, पण मोठ्या विभागासाठी थांबायचं, हे कारण मला सगळ्यात वजनदार वाटतं. सायकायट्रीत विभागा-विभागांतला फरक फार असतो. स्वतःचा वॉर्ड आहे की चार खाटा मेडिसिनकडून मागून आणलेल्या? ईसीटी (मेंदूला विजेचा सौम्य झटका देण्याचा उपचार) आठवड्यातून किती दिवस, आणि त्या दिवशी भूलतज्ज्ञ खरोखर येतो का? (२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध यांशिवाय ईसीटीला मनाई आहे, त्यामुळे भूलतज्ज्ञ नाही तर ईसीटी नाही, आणि पर्यायाने तुमचं शिक्षणही नाही.) व्यसनमुक्ती आणि मुलांची ओपीडी वेगळी चालते का? ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी यांपैकी एखाद्या मनोरुग्णालयात पोस्टिंग मिळतं का? आणि वर्षाला जेआर (ज्युनिअर रेसिडेंट) किती? एकच असेल तर सगळ्या रात्री त्याच्या, हे वेगळं सांगायला नको. यादी भरण्याआधी हे तिथल्या सेकंड इयरच्या मुलांना विचारा. विभागप्रमुखांना विचारलं तर सगळीकडून 'हो' येतं.

माझ्या विभागात मुलांची ओपीडी नावालाच होती. आजही ऑटिझमची शंका घेऊन कुणी मुलाला आणलं, की ती उणीव टोचते. थांबलो असतो तर कदाचित मोठा विभाग मिळाला असता. हा तोटा खरा आहे, नाकारत नाही.

वर्ष ड्रॉप करण्याबद्दल थोडक्यात. परीक्षेच्या तारखेचाही भरवसा नसतो. २०२४ ची परीक्षा २३ जूनला होती, आदल्या रात्री पुढे ढकलली आणि ११ ऑगस्टला झाली. २०२५ ची १५ जूनवरून ३ ऑगस्टवर गेली. नंतरच्या फेऱ्यांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी आमच्या वर्षीचं ३१ मार्च २०२२ आठवावं: १४६ नव्या जागांच्या वादात सुप्रीम कोर्टाने ऑल इंडिया कोट्याची अख्खी मॉप-अप (उरलेल्या जागांची) फेरीच रद्द केली. बॅगा भरून बसलेल्या मुलांच्या जागा एका दिवसात गेल्या. असं दर वर्षी होतं असं नाही, पण त्या वेळचे चेहरे मी पाहिलेत.

आता माझं काय झालं ते. निर्णय व्हायला कारण म्हटलं तर अगदी किरकोळ आहे.

केसपेपरवर खाली पुढच्या भेटीची तारीख लिहायची असते. प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला, आमचा सोमवार. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी एक बाई आल्या. झोप नाही, भूक नाही, घरात कुणाशी बोलणं नाही. मास्कमुळे अर्धा चेहरा झाकलेला, त्यामुळे सगळी भिस्त डोळ्यांवर आणि आवाजावर. पाऊण तास बोललो. सरांना दाखवलं, नैराश्यावरची गोळी सुरू केली आणि नव्याने पाठ झालेलं वाक्य म्हटलं: "गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, तोवर मनाने बंद करू नका." दोन आठवड्यांनंतरची तारीख घालायला लागलो आणि हात थांबला. दुसऱ्या फेरीचा निकाल त्याच्या आधी लागणार होता. बाईंनी विचारलं, "तेव्हा तुम्हीच असाल ना? नाहीतर परत सगळं नव्याने सांगावं लागेल."

मी म्हटलं, "बघू."

मग दिवसभर तेच होत राहिलं. लिथियम हे औषध सुरू केलेल्याची रक्तातली पातळी पाच-सात दिवसांनी तपासायची, क्लोझापिन हे औषध घेणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी सुरुवातीला दर आठवड्याला मोजायच्या, व्यसनमुक्तीच्या रुग्णाला महिनोन् महिने बोलवायचं. या ब्रांचमध्ये बहुतेक काम पुढच्या तारखेला होतं, आणि मला नेमकी तीच देता येत नव्हती. दुसऱ्या एखाद्या ब्रांचमध्ये तीन आठवड्यांचा पाहुणा खपून गेला असता, असं आपलं मला वाटतं. इथे युनिटलाही ते कळतं. 'अपग्रेडवाला' म्हटल्यावर लांब चालणारी केस तुमच्या हातात कुणी देत नाही. त्यात त्यांचं काही चुकतं असंही नाही.

कुणाला हे हळवेपण वाटेल. शिवाय हा अनुभव एका माणसाचा, एका विभागातला, तोही कोविडच्या गडबडीतला. पण त्या रात्री दुसऱ्या फेरीची यादी भरायला बसलो, तेव्हा आताच्या जागेच्या वर मनापासून टाकावीशी वाटणारी जागा एकच निघाली. बाकीच्या सगळ्या काका-मावशींना सांगायला बऱ्या दिसणाऱ्या. ती एकच भरली. लागली नाही, आणि तेव्हा फारसं वाईटही वाटलं नाही.

म्हणून फोन करणाऱ्याला आता मी उलट विचारतो: वर टाकायच्या जागा मोजून किती, आणि त्या कुणासाठी? पाच-सहा खऱ्या निघाल्या तर खुशाल थांबा. एक-दोनच निघाल्या आणि सायकायट्री यादीत तुम्ही स्वतःहून वर टाकली असेल, तर माझ्या मते पहिल्या दिवसापासून पक्की करावी. काम कमी पडायची भीती नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचाराबाहेर आढळले. पाहणीच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आमच्या सोमवारच्या ओपीडीची रांग पाहता इथे चित्र फार वेगळं असेल असं वाटत नाही.

त्या बाई दिलेल्या तारखेला आल्या नाहीत. पुढच्या सोमवारी आल्या. मळमळ होते म्हणून चौथ्याच दिवशी गोळी बंद केली होती. कमी डोसने, जेवणानंतर, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि कागदावर दोन आठवड्यांनंतरचा सोमवार लिहिला.