तारकसीचे झुमके, दोन पावसाळे वापरून झाल्यावर

घेतल्या घेतल्याच लिहिणार होते पण राहून गेलं, आणि बरंच झालं, कारण चांदी कशी आहे ते इकडच्या खाडीच्या दमट हवेत एक पावसाळा गेल्याशिवाय कळत नाही. तर जानेवारी २०२४ मध्ये बेलापूरच्या अर्बन हाटला ओडिशातल्या कटकच्या एका कारागिराचा स्टॉल होता, तिथून हे तारकसीचे, म्हणजे चांदीच्या बारीक तारांच्या जाळीचे, मोराचे झुमके घेतले. २६०० ला जोडी, वजन जेमतेम नऊ ग्रॅम. सासूबाई तिथल्या तिथेच म्हणाल्या, अगं एवढ्यात पैंजण आले असते. त्यांचंही चूक नाही, आपण चांदी वजनावर घेणारी माणसं, आणि इथे पैसे सगळे मजुरीचे.

कारागीर काका तिथेच बसून काम करत होते म्हणून आम्ही पाऊण तास हललोच नाही. केसासारख्या दोन तारा एकमेकीत पिळायच्या, दाबून चपट्या करायच्या, मग जाड तारेच्या चौकटीत चिमट्याने वळवून वळवून बसवायच्या, वर टाकणखार आणि डाखाची, म्हणजे तारा जोडणाऱ्या मिश्रधातूची, पूड टाकून आच द्यायची. मोबाइलने झूम करून बघा, तारेच्या कडेला बारीक दाते दिसतात, ती त्या पिळाची खूण. साच्यात ओतलेल्या जाळीत ते नसतं, भोकंही कुठेकुठे बुजलेली असतात. पुढे मार्चमध्ये कटकच्या रुपा तारकसीला जीआय टॅग, म्हणजे त्या गावच्या खास कामाची सरकारी ओळख, मिळाला ती बातमी मी मुद्दाम सासूबाईंना दाखवली, म्हटलं दुर्गापूजेला देवीच्या मागे चांदीच्या जाळीची अख्खी आरास उभी करतात ना, त्याच गावचं काम आहे हे. तर म्हणाल्या, मग देवीलाच घाल.

काळे पडले का? पडले, पहिल्याच जुलैत, कपाटात उघडे ठेवले होते मी. टूथपेस्ट लावू नका प्लीज, ती जाळीत जाऊन बसते आणि ओरखडे पडतात ते वेगळंच. पॉलिशच्या कापडाचे धागे पण तारेत अडकतात. मी वाटीत अ‍ॅल्युमिनियम फॉइल, त्यावर झुमके, खायचा सोडा आणि गरम पाणी केलं, सडक्या अंड्यासारखा वास आला पण दोन मिनिटात पांढरे. खडे किंवा मीना असेल तर मात्र हे नको, नुसतं रिठ्याचं पाणी आणि बाळाचा मऊ ब्रश. आता झिप पाउचमध्ये ठेवते, अत्तर वगैरे आधी आणि झुमके शेवटी.

तक्रार एकच, कानातला हुक फार नाजूक दिलाय. ओढणीत अडकला तेव्हा मोराच्या शेपटीची एक तार सुटली, आणि मी शहाणी ती घेऊन जवळच्या सोनाराकडे गेले. त्याने जाड दागिन्याला लावतात तशी आच लावली आणि माझ्यासमोर अर्ध्या शेपटीचा गोळा झाला, वर दीडशे रुपये घेतले! बिलावरच्या नंबरवर काकांना फोटो पाठवला तर म्हणाले परत येऊ तेव्हा आणा, तोपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका. एक झुमका पाउचमध्ये पडून आहे.