डॉस्कव्होलमधले आठ महिने: ‘ब्लेड्स इन द डार्क’ खेळून झाल्यावर

आमच्या टेबलावरचं सगळ्यात लाडकं माणूस म्हणजे पेत्रा नावाची एक कारकून. ‘ब्लेड्स इन द डार्क’ या, टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत खेळायच्या खेळाच्या पुस्तकात तिच्याविषयी एवढंच लिहिलंय: पेत्रा, शहराच्या कचेरीतली कारकून. ‘लर्क’, म्हणजे लपतछपत घरं फोडणारं पात्र, घेतलं की ओळखीच्या पाच माणसांची यादी मिळते. त्यातला एक मित्र निवडायचा आणि एक वैरी. माझ्या मावसभावाने पेत्राला निवडलं. त्यानंतर तिने आम्हाला तीन वाड्यांचे नकाशे कचेरीतून काढून दिले, एकदा ती पकडली गेली, आणि तिला सोडवायला आमच्या पात्रांच्या टोळीने साठवलेली निम्मी पुंजी खर्च केली. तिची आई आजारी असते, तिला शिळा पाव आवडत नाही, वरिष्ठांची सही ती हुबेहूब करते. यातलं काहीही पुस्तकात नाही, सगळं आम्ही घातलं. पण तिचं नाव आणि तिची नोकरी पुस्तकाने दिली नसती तर आम्हाला ती सुचलीच नसती.

अशा खेळांच्या, म्हणजे टेबलटॉप रोलप्लेइंग गेमच्या, पुस्तकात कथेचा रंग किती असावा आणि नियम किती, यावर खेळणारे वर्षानुवर्षं वाद घालतात. रंगाला फ्लफ म्हणतात, नियमांना क्रंच. मीही हा वाद पुष्कळ घातलाय. आठ महिने, जमेल त्या रविवारी, एकच खेळ खेळल्यावर माझं मत बरंच बदललं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जॉन हार्पर यांनी रचलेला हा खेळ 2015 मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर आला आणि 2017 मध्ये एव्हिल हॅट प्रॉडक्शन्सने पुस्तक काढलं. खेळणारे एका गुन्हेगारी टोळीचे सदस्य असतात. शहराचं नाव डॉस्कव्होल. सूर्य कधीच फुटलाय, मेलेल्यांना पलीकडे जायची वाट उरलेली नाही, आणि बाहेर भटकणाऱ्या भुतांना अडवायला शहराभोवती विजेचं कुंपण आहे. ते कुंपण समुद्रातल्या राक्षसी प्राण्यांच्या रक्तापासून मिळणाऱ्या शक्तीवर चालतं. फासे साधे सहा बाजूंचे. तीन-चार टाकायचे आणि सगळ्यात मोठा आकडा धरायचा: सहा आला तर काम फत्ते, चार-पाच आला तर काम होतं पण किंमत मोजावी लागते, तीन किंवा कमी आला तर गोत्यात.

आता मुद्द्याचं. या खेळाचे मूळ नियम फुकट मिळतात. नियमांचा संदर्भ-दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे आणि त्यावर बेतलेले कितीतरी खेळ इतरांनी काढलेत. डॉस्कव्होल शहर मात्र त्यात नाही. म्हणून सुरुवातीला मी पुस्तक घेतलंच नाही. नियम हातात आहेत, शहर माझं मी रचेन, असा विचार केला. एक बंदर रचलं, दोन टोळ्या, एक भ्रष्ट कोतवाल. पहिले दोन महिने आम्ही असेच खेळलो.

खेळ चालत होता, पण एका जागी सारखा अडकायचा. नियम असा आहे की प्रत्येक कामगिरीनंतर टोळीवर ‘हीट’ चढते, म्हणजे पोलिसांचं लक्ष. चुपचाप काम उरकलं तर शून्य, गोंगाट झाला तर चार, धुमाकूळ घातला तर सहा. आणि कामगिरीत कुणाचा जीव गेला तर वर आणखी दोन, मग मारणारे तुम्ही असा किंवा दुसरं कुणी. नऊ झाले की टोळीची बदनामी एक पायरी वर सरकते. माझ्या मैत्रिणीचा नवरा दर वेळी विचारायचा, “अंधारी गल्ली होती, बघणारं कुणी नव्हतं, प्रेत खाडीत टाकलं. दोन कशाचे?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. नियमात आहे म्हणून, एवढंच सांगता यायचं. टेबलावर तो दंड वाटायचा, शाळेत उशिरा आल्यावर भरायचा असतो तसा.

मग पुस्तक घेतलं आणि त्यात उत्तर सापडलं. डॉस्कव्होलमध्ये कुणीही मेलं की दाहगृहातली घंटा आपोआप वाजते. तिथल्या घंटाघरातून एक कावळा उडतो आणि प्रेत शोधून काढतो. त्याच्या मागोमाग मुखवटे घातलेले स्पिरिट वॉर्डन येतात, कारण प्रेताची वेळेत विल्हेवाट लागली नाही तर त्यातून भूत सुटतं.

आमच्यातल्या कुणालाही कावळा आणि मृत्यू यांचं नातं समजावून सांगावं लागलं नाही. दहाव्याच्या पिंडाशी कावळा शिवायची वाट बघत आम्ही सगळेच कधी ना कधी उभे राहिलोय. त्या रविवारी एका पहारेकऱ्याच्या गळ्यावर सुरी होती. मी फक्त एवढंच म्हटलं की लांबवर, नदीपलीकडे, घंटा असलेली एक इमारत दिसतेय. टेबलावर कुणी बोलेना. मैत्रिणीच्या नवऱ्याने सुरी मागे घेतली. नियम तोच होता, आकडाही तोच, दोन. पण आता तो जगातून आला होता. तेव्हापासून आमच्या टेबलावर हीट मोजताना कुणीतरी विचारतंच, “कावळा शिवला का?”

पुस्तकाचे पैसे मी त्या दिवशी वसूल झालेले मानते.

याआधी आम्ही दुसरा एक खेळ बरीच वर्षं खेळलो. त्याचं नाव घेत नाही. त्याच्या साहसांमध्ये चौकटीतला मजकूर असायचा, खोलीत शिरल्यावर जीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने (आमच्याकडे मी), मोठ्याने वाचून दाखवायचा. लेखन चांगलं होतं. पण आम्ही खेळतो मराठीत. चौकट इंग्रजीत वाचायची, मग मराठीत सांगायची, तोवर दारामागे काय आहे हे ऐकायची उत्सुकता विरून गेलेली असायची. आणि त्या परिच्छेदातल्या पाच तपशिलांपैकी नेमका कोणता कामाचा, हे ना त्यांना कळायचं ना मला. एकदा एका मंत्रावरून पाऊण तास गेला: जमिनीवर पसरलेलं वंगण पेट घेतं की नाही? वर्णन वाचलं तर घेतं असं वाटत होतं, नियमात त्याविषयी चकार शब्द नव्हता. रंग आणि नियम एकाच वाक्यात मिसळले, आणि त्यातलं कोणतं बंधनकारक हे सांगितलं नाही, की अशी भांडणं होतात. त्या दिवशी दोघं जण लवकर घरी गेले होते.

‘ब्लेड्स’मध्ये वाचून दाखवायचा मजकूर जवळजवळ नाहीच. आहेत त्या ओळी. टोळ्यांची आणि संस्थांची लांबलचक यादी आहे आणि प्रत्येकीला बहुतेक एकच वाक्य. लॅम्पब्लॅक्स: पूर्वी रस्त्यावरचे दिवे लावणारे, विजेचे दिवे आल्यावर काम गेलं आणि गुन्हेगारीत शिरले. रेड सॅशेस: मूळची तलवारबाजीची शाळा. हे मराठीत सांगायला श्वासभराचा वेळ लागतो, आणि ऐकणाऱ्याला लगेच चित्र दिसतं. काम गेलेली माणसं कशी वागतात, हे आम्हाला कुणी सांगायला नको. लॅम्पब्लॅक्सचा म्होरक्या माझ्या तोंडी आला तो थेट बंद पडलेल्या गिरणीच्या फाटकावर उभा राहिल्यासारखा बोलत. एका वाक्यावरून इतकं फुलतं, तर पूर्ण पान वाचायची सक्ती कशाला?

माझ्या मते या पुस्तकाचं खरं कसब इथे आहे. रंग वेगळ्या प्रकरणात साठवून ठेवलेला नाही, तो नियमांच्या नावांत आणि यादीतल्या वस्तूंत विरघळलेला आहे. सामानाचंच बघा. कामगिरीवर निघताना कोणकोणती वस्तू घेतली हे ठरवायचं नसतं, फक्त ओझं ठरवायचं. हलकं ओझं म्हणजे तीन वस्तू, आणि तुम्ही चारचौघांसारखे दिसता. मध्यम म्हणजे पाच, आणि बघणाऱ्याला कळतं की हा माणूस भानगडीला निघालाय. जड म्हणजे सहा, आणि चाल मंदावते. हा हिशेबाचा नियम आहे, पण वाचताना रस्त्यावरचा माणूस डोळ्यांपुढे येतो. भुतांशी बोलणाऱ्या ‘व्हिस्पर’च्या सामानात आत्मा कोंडायच्या बाटल्या आहेत. त्या बाटल्यांवर निबंध नाही. बाटली दिसली की खेळणारा विचारतोच, यात कुणाला भरायचं?

आणि मानसिक जखमा. ताणाचे नऊ चौकोन भरले की पात्राला एक कायमची जखम होते. आठ शब्दांतून एक निवडायचा, चौथ्या जखमेनंतर ते पात्र संपलं. माझ्या ऑफिसातली मैत्रीण ‘कटर’ खेळते, टोळीतली दांडगी बाई. तिने ‘सॉफ्ट’ निवडलं. आम्ही त्याला हळवी म्हणतो. सत्राच्या शेवटी, तुमच्या व्यसनामुळे किंवा जखमेमुळे तुम्ही अडचणीत आलात तर अनुभवाचा गुण मिळतो. म्हणजे हळवेपणा निभावला की नियम तुमचा हात धरतो. त्या बाईने एका सावकाराच्या पोराकडे बघून दरवाजा उघडा सोडला, आमची सगळी योजना बोंबलली आणि तिला गुण मिळाला. मला वाटतं आमच्या आठ महिन्यांतला तो सगळ्यात सुंदर क्षण होता. नुसतं “पात्राला भावना असू द्या” असं छापलेलं असतं तर तो घडला नसता.

सगळंच सोपं गेलं असं नाही. फासे टाकण्याआधी परिस्थिती किती धोक्याची आणि परिणाम किती मोठा, हे जीएमने ठरवायचं असतं. ते अंगवळणी पडायला आम्हाला दहा-बारा सत्रं लागली. पटकन एखादा नियम शोधायचा तर या पुस्तकात थोडं फिरावं लागतं, कारण समजावणं, उदाहरण आणि नियम शेजारी शेजारी आहेत. पहिल्या वाचनाला ते फार छान वाटतं, विसाव्या वेळी तेवढं नाही. या बाबतीत मला गॅव्हिन नॉर्मन यांचं 2019 मधलं ‘ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स’ आदर्श वाटतं. 1981 च्या डंजन्स अँड ड्रॅगन्सचे नियम त्यांनी नव्याने मांडले, एका विषयाचं सगळं समोरासमोरच्या दोन पानांवर, फाटा नाही, रंगही नाही. एखाद्या रविवारी दोघंच जमलो तर आम्ही ते काढतो. शोधायला त्याच्यासारखं पुस्तक नाही. पण त्यात पेत्रा नाही. एकाच पुस्तकाकडून दोन्ही मागावं का, हा प्रश्न मी अजून सोडवू शकलेले नाही. सध्या माझा मार्ग साधा आहे: हीट, ताण आणि जखमांचे नियम मी मराठीत दोन पाठपोट कागदांवर लिहून काढलेत. सत्रात ते कागद बाहेर असतात, पुस्तक शहरासाठी.

एका ठिकाणी मात्र मला जास्त रंग हवा होता. मावसभावाचं पात्र स्कोव्हलानचं, साम्राज्याशी लढून हरलेल्या देशाचं. पुस्तकाचा सगळा भर शहरावर आहे, बाहेरच्या देशांना थोडक्या ओळी. तो विचारायचा, “ताई, आमच्याकडे मेलेल्याचं काय करतात? तिकडे तर घंटा नसेल ना?” मी म्हणायचे, तू सांग. पहिल्यांदा तो गांगरला. मग त्याने असं काही सांगितलं की पुढची दोन सत्रं त्यावर चालली: तिकडे प्रेत होडीत घालून सोडतात, आणि घरचे एक दिवा तीन रात्री विझू देत नाहीत. छान झालं, तरी मला आणखी तीन-चार पानं आवडली असती. सगळ्यांकडे असा मावसभाऊ नसतो.

नवीन घेणाऱ्यांना एक सांगते. शहराचं वर्णन पुस्तकाच्या मागच्या भागात आहे. ते सलग वाचायला बसू नका, मी बसले आणि निम्मं विसरले. बारा पेठांपैकी फक्त क्रोज फूट वाचा, तिथल्या तीन टोळ्यांचं भांडण सुरुवातीसाठी तयार दिलंय, आणि खेळायला लागा. बाकीच्या पेठा, टोळी तिकडे जाईल तेव्हा. माझ्या प्रतीत तीन पेठांची पानं अजून कोरी करकरीत आहेत, आणि क्रोज फूटच्या पानावर चहाचे दोन डाग आहेत.

येत्या रविवारी टोळी दाहगृहात शिरणार आहे. कुणाला मारायला नाही. पेत्राची आई गेली, घंटा वाजली, कावळा येऊन गेला, आणि वॉर्डन प्रेत घेऊन गेले. पेत्राला आईचा चेहरा एकदा बघायचाय. ही कामगिरी मी सुचवलेली नाही, मावसभावाने मंगळवारी रात्री मेसेज करून मागितली. मी अजून काहीच लिहून काढलेलं नाही, फक्त त्या घंटाघराच्या ओळी दोनदा वाचल्यात.